राक्षसाची दाढ

शिडीला आत घालायचं आणि बाहेर काढायचं, हे अकरा वर्षं माझं काम होतं.

शिडी हा माणूस आहे. उंची सहा फूट आठ इंच. आमच्या कपडेपटात वरच्या फळीवरचं काहीही काढायचं असलं की जो तो त्यालाच हाक मारी, म्हणून शिडी. त्याला त्याचा राग नव्हता. नवा कुणी चाचरत 'साहेब' म्हणाला तर तोच मागे वळून बघायचा, साहेब कुठे आले म्हणून. मी तिथला मास्तर. सिनेमातल्या प्राण्यांची, भुतांची, राक्षसांची कातडी शिवतो. कातड्याच्या आत शिडी आणि बाहेर मी, असा आमचा संसार. एकदा मी त्याला वेळेवर बाहेर काढलं नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच, पण आधी तो माणूस कोण ते कळायला हवं.

त्याचे वडील रंगारी. घरं रंगवायचे. चौदाव्या वर्षी पोराचा हात छताला पोचायला लागला तेव्हा बापाला कोण आनंद झाला. घरोघरची छतं याच्या गळ्यात पडली. नऊ वर्षं मान वर करून छतं रंगवली. मग एकदा एका नाट्यगृहात रंगाचं काम चालू असताना मुलांच्या नाटकातलं अस्वल भांडून निघून गेलं. अस्वलाचा पोशाख पडलेला, प्रयोग दोन तासांवर, आणि समोर हा ब्रश घेऊन उभा. घातला याला आत. त्या दिवसापासून शिडीने छत म्हणून बघितलं नाही.

अस्वल झाला, गोरिला झाला, चालणारं झाड झाला, एका जाहिरातीत टूथपेस्टची ट्यूबही झाला. चेहरा दिसेल अशी भूमिका त्याला कधी मिळाली नाही. दाराच्या चौकटीत न मावणारा नायकाचा मित्र कोणाला हवा असतो? लोक म्हणतात, आत काय, कोणीही चालतं. हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. एकच पोशाख दोन माणसांना घालून बघा. दुसऱ्याच्या अंगावर ते चालतं कपाट दिसेल. शिडी आत शिरला की मी शिवलेल्या फोमला पाठीचा कणा यायचा. पोशाख चढवण्याआधी तो रिकामं डोकं मांडीवर घेऊन पंधरा-वीस मिनिटं त्याच्या तोंडाकडे बघत बसे. मी चिडवायचो, "स्थळ पसंत आहे का?" तर म्हणायचा, "थांब रे मास्तर, आज हा कुठल्या कुशीवर उठलाय ते बघू दे."

तो सिनेमा परीकथेचा होता. एका राज्याच्या वेशीला कुलूप लागलंय, किल्ली डोंगरावरच्या राक्षसाकडे आहे, आणि ती आणायला राजकन्या निघते. सोबत घोड्याला घाबरणारा सरदार आणि अर्धा मंत्र म्हणून झाला की पुढचा विसरणारी चेटकीण. साहसही आहे, हसणंही आहे. आमच्याकडे पद्धत अशी की शूटिंग संपेपर्यंत माणसाला पात्राच्याच नावाने हाक मारायची. चेटकीण म्हणजे चाळीस वर्षं नाटकात काढलेल्या बाई, दोन शॉटच्या मधे स्वेटर विणत बसायच्या. "चेटकीणबाई, चहा घेणार?" असं आम्ही अदबीने विचारायचो. सरदार खरोखरच घोड्याला घाबरायचा, त्यामुळे त्याचं पात्र त्याला फुकटात जमलं.

एरवी राक्षस दोनदा गुरगुरतो आणि मरतो. या सिनेमात तो रुसत होता, लाजत होता, राजकन्येशी त्याची दोस्ती होत होती. अर्धा सिनेमा त्याचाच होता. आवाज मात्र नंतर एक मोठे नट देणार होते. मला वाटलं, शिडीला वाईट वाटेल. तो म्हणाला, "आवाज त्यांचा असू दे. श्वास तर माझाच आहे ना?"

पोशाख शिवायला मला पाच महिने लागले. एकतीस किलो. पाठीवर चेन, मानेभोवती अकरा हूक, त्यावरून आयाळ, म्हणजे जोड दिसायला नको. डोक्यात बॅटरीवर चालणारा छोटा पंखा. बघायला नाकपुड्यांना काळी जाळी. आतून ओरडलं तर बाहेर कोणाला ऐकू येणार नाही, आणि पंजे एवढे जाड की स्वतःचा हूक स्वतःला काढता येणार नाही. म्हणून आमची एक खूण ठरली होती. उजव्या गालावर तीन चापट्या, जरा थांबायचं, पुन्हा तीन. डोक्याजवळची हालचाल लांबूनही दिसते, म्हणून गाल. ती खूण दिसली की शॉट चालू असो की नसो, मी धावायचं. मला कोणाला विचारायची गरज नव्हती. खूण आहे एवढं दिग्दर्शकाला ठाऊक होतं. ती काय आहे, ते मात्र आम्हा तिघांनाच माहीत होतं.

तिसऱ्या म्हणजे वहिनी, शिडीची बायको. चष्म्याच्या दुकानात काम करतात. त्या नवऱ्याचे सिनेमे बघत नाहीत. "सगळे गोरिलाला टाळ्या देत असतात आणि मला आत हा गुदमरलेला दिसतो. कसली मजा?" असं एकदा म्हणाल्या होत्या. राक्षसाचा पोशाख तयार झाला तेव्हा त्या थेट कपडेपटात आल्या. शिडीला दोन महिन्यांपासून जिना चढताना दम लागत होता, हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही, कारण शिडीने शपथ घातली होती. एवढंच म्हणाल्या, "मास्तर, याला बाहेर कसं काढता ते मला दाखवा."

शिडीला आत घातलं. त्याने खूण केली, मी धावलो, आयाळ वर केली, हूक सोडले, चेन ओढली, डोकं काढलं. वहिनींनी हातातलं घड्याळ बघितलं.

"बावन्न सेकंद. परत करा."

दुसऱ्यांदा एक्केचाळीस. "परत." चौथ्या वेळी छत्तीस झाले तेव्हा शिडी घामाने निथळत म्हणाला, "अगं, चित्त्याच्या शर्यतीला नाही जायचंय मला!"

वहिनी हसल्या नाहीत. "आणि तुमचं लक्ष नसलं तर?"

मला राग आला. अकरा वर्षांच्या माणसाला हे विचारायचं? मी म्हटलं, "वहिनी, या कामात माझी नजर हटत नाही. आजवर हटलेली नाही."

त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे. तुमच्या भरवशावर सोडते."

शूटिंगच्या चौतिसाव्या दिवशी सकाळी दिग्दर्शक उड्या मारतच आला. त्याला नवीन सुचलं होतं. किल्ली राक्षसाच्या कमरेला लटकतेय यात काय गंमत आहे? किल्ली राक्षसाच्या किडक्या दाढेत अडकलेली हवी. म्हणून तर तो चिडका! सगळी गावं ज्याला घाबरतात तो राग नसून दाढदुखी आहे! सगळे खो खो हसले. मीही हसलो. कल्पना चांगलीच होती, आजही म्हणेन.

शिडी तर हरखूनच गेला. अर्धा पोशाख चढवून आरशासमोर उभा राहिला आणि दाढ दुखणारा राक्षस कसा चालेल ते शोधायला लागला. चेटकीणबाईंना विचारलं, हात कुठे जाईल? त्या सुई न थांबवता म्हणाल्या, "गालावरच जाणार. दुसरीकडे कुठे?" मग शिडीने गाल धरला, एका पायावर उडी मारली, गालावर चापट्या मारल्या. दिग्दर्शक टाळी वाजवून म्हणाला, "हेच! हेच पाहिजे!"

दाढ उजवी होती.

खूण बदलायला किती वेळ लागला असता? 'आज पाय आपट', एवढं म्हटलं की झालं. मी त्याची आयाळ विंचरत शेजारी उभा होतो. मला सुचलं नाही, त्यालाही सुचलं नाही. परका माणूस असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. पण आम्ही त्या घडीला दाढेच्याच नादात होतो. ती हालचाल भूमिकेत गेली आणि खूण म्हणून आमच्या डोळ्यांतून पुसली गेली. ही चूक आमच्याच धंद्यात होते, आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांकडूनच होते.

दुपारी डोंगराचा सेट. प्लास्टरचे दगड, वाऱ्यासाठी मोठा पंखा, तो घरघरत होता. चेटकीण मंत्र म्हणून राक्षसाची दाढ बरी करायला बघते आणि अर्ध्यात विसरते, असा प्रसंग. पहिला टेक बरा झाला, दुसरा चांगला झाला. तिसऱ्यात चेटकीणबाई मंत्र विसरल्या आणि राक्षसाने गालावर तीन चापट्या मारल्या. थांबला. पुन्हा तीन मारल्या.

मी बघितलं. नीट बघितलं. आणि मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, वा रे पठ्ठ्या, आपली खूणच विनोदात घातलीस! सगळ्यांच्या देखत फक्त मला कळेल अशी थट्टा केलीस! मी मोठ्याने हसलो. दिवे सांभाळणारे हसत होते, राजकन्येने हसू आवरायला तोंड फिरवलं होतं. मग राक्षस कॅमेऱ्याकडे पाठ करून माझ्याकडे वळला आणि पुन्हा तीन चापट्या मारल्या, सावकाश. मी हात उंचावून 'झकास' अशी खूण केली.

तो खाली बसला, मग पाठीवर पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक 'कट' म्हणाला. वाऱ्याचा पंखा बंद झाला आणि राक्षसाच्या डोक्यातल्या छोट्या पंख्याचं भुणभुणणं ऐकू यायला लागलं.

चेटकीणबाई म्हणाल्या, "अरे, हा उठत का नाही?"

चेन पाठीखाली होती. हूक मानेखाली होते. एकतीस किलोचा पोशाख आणि त्यात तो, उतारावर, दोन दगडांच्या मधे. सहा जणांना तो वळेना. मी कापड कापायची कात्री घेतली आणि गळ्यापासून खाली फाडत सुटलो. फोममध्ये कात्री अडकत होती. किती सेकंद लागले ते कोणी मोजले नाहीत. आत शिडीचा चेहरा ओल्या सिमेंटच्या रंगाचा झाला होता. त्याचे ओठ हलले. मला वाटतं, तो 'मास्तर' म्हणाला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, याला रक्तदाब आहे का, गोळ्या चालू आहेत का, आधी कधी छातीत दुखलं होतं का. मला काहीच सांगता येईना. त्याची छाती शेहेचाळीस, खांदा साडेएकवीस, बाही एकोणतीस, हे मला झोपेतून उठवून विचारा. हृदयविकाराचा झटका होता. आतल्या उकाड्याने तो आणखी वाढला, आणि वेळही गेला होता. वहिनी दुकानातून तशाच आल्या, काच पुसायचं पिवळं फडकं हातातच होतं. मला त्यांनी काहीही विचारलं नाही.

शिडी वाचला. तिसऱ्या दिवशी बोलायला लागला तेव्हा मी खाटेपाशी उभा होतो. वहिनींनी विचारलं, "खूण का नाही केलीस?"

शिडी आधी माझ्याकडे बघून मग म्हणाला, "एकदम अंधारी आली गं. हात उचलायलाही वेळ मिळाला नाही. मास्तर तरी काय करणार?"

मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून कात्री तरी सुचली. तुमचे उपकार आहेत, मास्तर."

मी ते उपकार घेतले. मान हलवून घेतले. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींना लाजलो असेन, पण यासारखी लाज कशाचीच वाटत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, आता पोशाख नाही. उरलेल्या सिनेमासाठी बास्केटबॉल खेळणारा एक उंच मुलगा आणला आणि मी त्याच्या मापाचा नवीन राक्षस शिवला. मुलगा गुणी होता, पण राक्षसाच्या अंगात माणूस आहे हे दर पावलाला कळत होतं.

आठ महिन्यांनी दिग्दर्शकाने मला आणि शिडीला एडिटिंगच्या खोलीत बोलावलं. तिसरा टेक दाखवला. तो म्हणाला, "सगळ्या सिनेमात एवढं हसू दुसरीकडे कुठे येत नाही. पण तुम्ही म्हणाल तर काढून टाकतो."

मी लगेच म्हटलं, "काढा. मरणाच्या दारातला माणूस दाखवून लोकांना हसवायचं का?" ऐकायला थोर वाटलं. खरं कारण असं की पडद्यावर माझ्या चुकीचा पुरावा होता.

शिडी म्हणाला, "ठेवा."

जिना उतरताना तो प्रत्येक वळणावर थांबत होता. मी विचारलं, "का ठेवायला सांगितलंस?"

"दुखत होतं ते खरं रे. पण तू बघितलंस ना, तेव्हाही मी राक्षसासारखाच वळलो. पडलो तोही राक्षसच पडला. आयुष्यभराचं शिकलेलं तेवढ्यात होतं माझं. ते का फेकू?"

"आणि वहिनींनी बघितलं तर?"

"ती कुठे बघते माझे सिनेमे? आणि मास्तर, मी घरी जे सांगितलंय तेच तू सांगायचं."

मी हो म्हटलं. पटकन म्हटलं.

सिनेमा लागला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हा शेवटचा आहे, म्हणून येते." दुपारचा खेळ होता. शिडी कडेच्या खुर्चीवर, पाय वाटेत पसरून. मधे वहिनी. पलीकडे मी. सरदार घोड्यावरून पडला तेव्हा वहिनी हसल्या. राक्षस पहिल्यांदा गुहेतून बाहेर आला तेव्हा त्यांनी शिडीचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "तू असाच उठतोस सकाळी." मला वाटलं, आता उठून बाहेर जावं. उठलो नाही.

मग डोंगर आला. चेटकीणबाई मंत्र विसरल्या. राक्षसाने गालावर तीन चापट्या मारल्या. थांबला. तीन मारल्या. सगळा हॉल हसून फुटला. पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी हसता हसता खुर्चीवरून घसरली. वहिनींचा हात शिडीच्या हातावरून निघाला आणि त्यांच्या मांडीवर येऊन पडला. सिनेमा संपेपर्यंत तो तिथेच होता.

दिवे लागले. पात्रांची नावं वर सरकत होती. राक्षसापुढे आवाजाच्या नटाचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात शिडीचं आणि त्या मुलाचं. लोक निघून गेले तरी वहिनी उठल्या नाहीत.

"त्या तीन होत्या, मास्तर."

शिडी म्हणाला, "अगं, राक्षसाची दाढ..."

"तू थांब." त्या माझ्याकडे बघत होत्या. "तीन, मग थांबला, मग तीन."

"हो, वहिनी."

मी इथे गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण त्यांनी माझे उपकार मानले होते. मी म्हटलं, "त्यानंतर आणखी तीन होत्या. कॅमेऱ्याकडे पाठ करून, माझ्याकडे बघून मारल्या होत्या. त्या सिनेमात दिसत नाहीत."

"तुमची नजर हटली होती?"

"नाही. मी त्याच्याकडेच बघत होतो."

"मग?"

"मग मी हसत होतो."

वहिनींनी पर्स उचलली, शिडीच्या काखेत हात घातला आणि त्याला एकेक पायरी करून खाली नेलं. पुढच्या खेळाला आत येणारे लोक त्या उंच माणसाला वाट देत होते. त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की थोड्या वेळाने आपण याच्यावरच हसणार आहोत.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. शिडी येतो, खुर्चीवर बसतो, मी शिवत असतो. परवा म्हणाला, "मी तिला समजावतो, मास्तर. तुझी काही चूक नव्हती म्हणून."

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "खबरदार! तू मला माफ केलंस ते तुझ्यापुरतं. त्यांचा राग खरा आहे. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती आणि मी फुशारकीने उत्तर दिलं होतं. माझ्यासाठी घरात आणखी एक खोटं बोलू नकोस."

त्याने खाली पडलेला फोमचा तुकडा उचलून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "तिला अजूनही वाटतं की तू माझ्यावर हसलास."

"तुझ्यावर नाही रे. मला वाटलं, आपण दोघं मिळून हसतोय."

शिडीने मान खाली घातली. आत असताना जाळीतून त्याला माझं हसणं दिसलं होतं, हे त्याने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं.